हवामानखात्याचा गाल

त्या नाववाल्याला अख्खा धक्का ‘हवामानखातं’ म्हणायचा. डेक रंगवायचा म्हणून तो रोज सकाळी नावेवर आडवा होऊन फळ्यांना गाल लावायचा. गालाला गार लागलं की लाकूड दमट, रंग धरणार नाही, हे त्याचं शास्त्र. कधी दव आडवं यायचं, कधी वारा, तर कधी ऊनच फार. रंगाचा डबा मात्र बंद तो बंदच.

शेवटी बायकोने दम भरला. “रविवारी माझी बहीण आणि भाऊजी यायचेत. तोवर डेक रंगला नाही, तर आम्ही भाऊजींच्याच होडीतून फिरायला जाऊ!”

साडूच्या होडीतून? हे त्याच्या फार वर्मी लागलं.

शनिवार उजाडला तो सोन्यासारखा. वारा नाही, ढग नाही. त्याने खुशीत गाल टेकवला. फळ्या कोरड्या आणि कोमट; इतक्या कोमट, की स्वारीचा डोळाच लागला.

जाग आली ती रंगाच्या वासाने. चहूकडे डेक हिरवागार, ओला. मधोमध त्याच्या मापाचं कोरडं बेट. धक्क्यावर बायको ब्रश धूत होती.

“अगं, मला उठवायचंस ना!”

“उठवलं असतं, तर म्हणाला असतात, ऊन वाढलंय. आता वाळेपर्यंत हलायचं नाही.”

“आणि जेवण?”

“फेकते. झेला.”

रविवारी सगळे त्याच्याच नावेतून फिरले. मेव्हणीने डेकचं तोंडभर कौतुक केलं आणि मधल्या माणसाएवढ्या कोऱ्या जागेकडे बोट दाखवलं.

“तेवढंच राहिलंय,” तो आभाळाकडे बघत म्हणाला. “जरा चांगली हवा मिळू दे, की लावतोच.”