मळ्यातला बंगला

कुंडलचे सयाजी सुभेदार फौजेत होते, तोवर त्यांची बायको बनुबाई गावात एकटीच राहिली. एकटी म्हणजे नावाला. घराचं दार थेट बोळात उघडायचं. उंबऱ्यात बसून ती शेंगा फोडायची आणि येणारी-जाणारी बाई घटकाभर टेकल्याशिवाय पुढं जायची नाही.

पेन्शनवर आल्यावर सुभेदारांनी ते घर विकलं आणि मळ्यात बंगला बांधला. बायकोला आजवर काही देता आलं नाही, आता सगळं द्यायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. डोक्यावर जाईल एवढं कंपाउंड, लोखंडी गेट, खिडक्यांना काळ्या काचा. वास्तुशांतीला आलेल्या बायका चकचकीत फरशीवर पाय ठेवायला बिचकल्या. पुन्हा कुणी फिरकलं नाही.

वर्षाच्या आत बनुबाईचं बोलणं आटलं. भात करपला तरी उठायची नाही. भर दुपारी दिवा लावून भिंतीकडं बघत बसायची. सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि विचारलं, "घरात ऊन येतं का? माणसं येतात का?" सुभेदारांना तो प्रश्न झोंबला.

एक दिवस ती अनवाणीच गावात गेली, बहिणीच्या, सुलाबाईच्या, पत्र्याच्या दोन खोल्यांत. सुभेदार न्यायला आले, तर बनुबाई दारात मेथी निवडत चक्क हसत होती. बंगल्यात ते हसणं त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं.

"चल बनू. सगळा जलम रजेपुरताच संसार केला, आता तरी संगं ऱ्हाऊ."

"आवं, तुमी लय मायेनं बांधलंय, मला कळत न्हाई व्हय? पर गेट लागलं की वाटतं, आपुन मेलोय आन् कुणाला ठावंच न्हाई."

सुभेदारांनी गवंडी लावून कंपाउंड पाडलं, काचा बदलल्या, पुढं बाक बांधला. बनुबाई आली, बाकावर बसली. समोर ऊस, पलीकडंही ऊस. त्यांच्यासाठी तिनं थोडे दिवस काढले. मग पुन्हा बोलणं आटलं, जेवणही तुटलं, तेव्हा सुभेदारांनीच तिला सुलाबाईकडं पोचवलं.

आता संध्याकाळी ते तिथं जेवायला जातात. मेव्हणीच्या घरी मुक्काम करणं त्यांना बरं वाटत नाही. बनुबाई बोळाच्या तोंडापर्यंत सोबत येते.

"बॅटरी घेतलीया न्हवं?"

"हाय," म्हणतात, आणि मळ्याची वाट धरतात.