ऑपलच्या हातच्या वायरी

हॉलिस प्रूएटला बायकोवाचून साधा स्क्रूही फिरवता येत नाही, असं आमच्या गावात म्हणायचे, आणि म्हणणाऱ्यांत मीच सगळ्यात पुढे. शेजारीण मी, माझा हक्कच होता तो. पूर्व ओरेगनमधलं आमचं गाव केवढंसं, त्यात जिभेला दुसरा उद्योग काय?

चाळीस वर्षं हॉलिसने रस्ते खात्याच्या गॅरेजात काम केलं आणि शनिवार-रविवारी अंगणात गावाच्या ट्रेलरांचे, कॅम्परांचे दिवे जोडून दिले. लोक शंभर मैलांवरून यायचे. पिकअपच्या पाठीवर कॅम्पर, म्हणजे प्रवासात राहायची छोटी खोली, चढवायचा, त्याची केबल पिकअपच्या ट्रेलरवाल्या प्लगला जोडायची, की मागचे दिवे, इंडिकेटर, ब्रेकचे दिवे, आतली बॅटरी सगळं चालू. त्याने जोडलेला दिवा कधी विझला नाही. मात्र काम करताना बायको, ऑपल, शेजारी हवीच. घडीची खुर्ची टाकून बसायची, वायरी सोलायची आणि एकेक करून त्याच्या हातात द्यायची. नेहमी त्याच क्रमाने: पांढरी, काळी, पिवळी, तपकिरी, हिरवी. मग ती ड्रायव्हरच्या सीटवर चढायची, तो मागे उभा राहून ओरडायचा, "डावा! उजवा! ब्रेक दाब, ऑपल!" आम्हाला वाटायचं, म्हातारपणीही केवढं हे प्रेम! माझ्या नवऱ्याला मी त्यावरून टोमणे मारले, ते तो मरेपर्यंत ऐकत होता बिचारा.

मार्चमध्ये ऑपल गेली. हॉलिस रडला नाही, निदान माझ्यासमोर नाही. उन्हाळाभर त्याने लाकडं फोडली, एवढी की तीन हिवाळ्यांना पुरावीत. पण त्याला हिवाळा इथे काढायचाच नव्हता. दर ऑक्टोबरात ती दोघं कॅम्पर घेऊन ॲरिझोनाच्या वाळवंटात जायची, मार्चपर्यंत तिथेच. यंदाही जाणार, एकटा जाणार, असं त्याने मुलाला फोनवर सांगून टाकलं. मुलगा ड्वेन बॉइझीला असतो. स्वभावाने चांगला, पण काळजी करायला लागला की थांबत नाही. त्याने अट घातली: शनिवारी येऊन बघतो, सगळं ठीकठाक दिसलं तर खुशाल जा. नाहीतर कॅम्पर विकायचा, आणि बाबांनी बॉइझीला यायचं, त्याच्या घराजवळच्या वृद्धांच्या वसाहतीत. तिथे खोली बघूनही ठेवली होती त्याने.

गुरुवारी हॉलिसने कॅम्परखाली वाकून पाहिलं, तर रानउंदरांनी केबल कुरतडून तिचं पार भुस्काट केलेलं. आमच्याकडे हे नवं नाही, मेले दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या वायरी खातात. खराब भाग कापून नवा तुकडा जोडायचा, झालं. मी आपली खुर्ची उचलून गेले. म्हटलं, ऑपल नाही तर मी बसते, वायरी सोलून देते. तर हा बाबा माझ्या अंगावरच आला. मला काय लहान मूल समजतेस, माझं काम मला येतं, तू तुझं घर बघ. मी तशीच खुर्ची घेऊन परत आले आणि ठरवलं, याच्या दारात पुन्हा पाऊल टाकायचं नाही. तो राग कसाबसा शनिवार सकाळपर्यंत टिकला. ड्वेनची गाडी दिसली आणि मी ताजा भाजलेला ॲपल पाय घेऊन हजर झाले. मला राहवतंय होय?

हॉलिस नुकताच टेप गुंडाळून उठत होता. कॅम्पर पिकअपवर चढवून बांधलेला, प्लग खोचलेला. तो ऐटीत आत जाऊन बसला, ड्वेन आणि मी मागे उभे राहिलो. डावा इंडिकेटर लागला, छान. उजवा लावला, तर वरच्या कडेचे सगळे बारीक दिवे एकदम उघडझाप करायला लागले, नाताळचं झाडच जणू. हेडलाइट लावले, तर उजवीकडचा ब्रेकचा दिवा जळतोय तो जळतोच आहे. हॉलिस उतरून मागे आला, बघितलं आणि म्हणाला, दोन वायरींची अदलाबदल झालीये, दोन मिनिटांचं काम आहे.

ड्वेन खाली बसला आणि त्याने टेप उलगडली. एकेक जोड बोटाने तपासला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाबा, प्रश्न दोन मिनिटांचा नाही. उजव्या इंडिकेटरची हिरवी बारीक दिव्यांच्या तपकिरीला जोडलीत तुम्ही. तुकड्याच्या एका टोकाला बरोबर, दुसऱ्या टोकाला उलटं. उजेडात बसून, चष्मा लावून."

"चुकलं असेल."

"यातली हिरवी कोणती, दाखवा बरं मला."

हॉलिसने हात पुढे केला. बोटं एका वायरीवरून दुसरीवर गेली, परत पहिलीवर आली आणि तिथेच थांबली.  मग त्याने हात मागे घेतला. "विसरलो वाटतं," म्हणाला. "वय झालं."

ड्वेनने तोंड फिरवलं. रडत होता तो, पन्नाशीचा बाप्या. आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला.

माझ्या बागेतले टोमॅटो आठवले मला. एका ऑगस्टमध्ये मी हॉलिसला म्हटलं होतं, पिकलेले तेवढे तोडून ने. त्याने टोपलीभर कच्चे हिरवेगार तोडून नेले. मी ओरडणार, तेवढ्यात ऑपल हसत म्हणाली, अगं, त्याला तळलेले कच्चेच आवडतात. त्यानंतर जन्मात कधी त्याने माझ्याकडून टोमॅटो नेले नाहीत. आणि त्या वायरी! तिने एकेक हातात दिलेल्या, कायम त्याच क्रमाने. अगं बाई. आणि आम्ही अडाणी त्याला प्रेम म्हणत होतो. म्हणजे, ते प्रेमच होतं म्हणा, पण आम्हाला वाटलं तसलं नव्हे.

मला त्या म्हाताऱ्याचा असा संताप आला. झाकली मूठ सव्वा लाखाची, ठीक आहे, पण ती झाकायला स्वतःला वेडा ठरवून घेशील? मी ॲपल पायची थाळी गाडीच्या बॉनेटवर ठेवली.

"हॉलिस," मी म्हटलं, "टोमॅटोचं तू सांगतोस, की मी सांगू?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, शेजार संपला आज. पण मीही नजर हटवली नाही. शेवटी तो बंपरवर बसला.

"डोकं शाबूत आहे रे माझं," तो मुलाला म्हणाला. "डोळे जन्मापासून असे आहेत. हिरवं, लाल आणि तपकिरी मला एकच दिसतं. रंग तुझी आई सांगायची."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. खात्यात कळलं असतं तर नोकरी गेली असती. ऑपलला लग्नाआधीच माहीत होतं. पहिल्याच ट्रेलरला तिने त्याची चूक पकडली आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची आणून शेजारी बसली. कधी कुणाला बोलली नाही, पोटच्या पोरालाही नाही. ती गेल्यावर हे कुणाला सांगायचं म्हणजे तिने एवढी वर्षं झाकलेलं उघडं टाकायचं, ते त्याच्याने होईना.

"आणि सिग्नल?" ड्वेनने विचारलं.

"लाल वर असतो, हिरवा खाली. जगभर."

मला हसू आवरेना, आणि डोळेही पुसावे लागले. ड्वेन माझ्या घराकडे गेला. माझ्या अंगणातली खुर्ची उचलून आणली, बापाच्या शेजारी टाकली आणि बसला. जोड कापले, वायरी सोलल्या. "ही तपकिरी," तो म्हणाला आणि ती हॉलिसच्या हातात ठेवली. हॉलिसने जोडली. "ही हिरवी." तीही जोडली. मी आत जाऊन भरतकामाचा दोरा आणला आणि दोन्ही टोकांना हिरवीवर एक आणि तपकिरीवर दोन गाठी मारून दिल्या, वाटेत गरज पडली तर बोटांनी कळावं म्हणून.

मग ड्वेन आत चढून बसला, आणि हॉलिस मागे जाऊन त्याच्या नेहमीच्या जागी उभा राहिला, पाय फाकवून, हात कमरेवर.

"डावा!" डावा लागला. "उजवा!" उजवा लागला, एकटाच.

"ब्रेक दाब, ऑपल!"

म्हणून गेला आणि त्याचं त्यालाच कळलं. खाली मान घालून उभा राहिला.  ड्वेनने ऐकलं होतं, खिडकी उघडीच होती. त्याने ब्रेक दाबला, दोन्ही दिवे लागले, आणि म्हातारा डोळे पुसून वर बघेपर्यंत त्याने पाय काढला नाही.