पोचा पडलेली घागर

नंदे, आजीजवळ बसल्यासारखी बस आणि ऐक. मारामारीचा तो व्हिडिओ मला कशाला पाठवलास? वर गाणं लावलंय, खाली लोक शाबासकी देताहेत. वैताग आला बघ. आज चिंचेनं घागर घासताना तिच्या पोच्यावर बोट गेलं आणि सगळं आठवलं.

आपला लातूर जिल्हा नवा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग ओला, नळ मात्र कोरडे. पाच दिवसांनी टँकर आला. नळीसाठी ढकलाढकली झाली आणि मी हीच घागर शेजारच्या रहमतबीच्या कपाळावर हाणली. तुझ्या आईच्या वेळी माझं बाळंतपण जिनं केलं, तिच्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात ठळक छापून आलं, ‘लातूरची वाघीण’. गल्ली कौतुकाला लोटली. मीही शहाणी, ते कात्रण खळीनं आरशाशेजारी चिकटवलं.

मग रहमतबी आली, कपाळाला पट्टी बांधून. तिला वाचता येत नव्हतं. म्हणाली, “क्या लिखा है, जरा पढ के सुना गे.”

वाचावं लागलं. ‘वाघीण’ म्हणताना माझी जीभ अडखळली. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

“बस इतकंच? टँकर पाच दिवस का न्हाई आला, ते कुठं हाय?”

मी कात्रण सोलून काढलं, उलटून पाहिलं. मागं साबणाची जाहिरात होती.

अजून तेच चाललंय गं. कुणी कुणाला हाणलं ते दाखवतात, पुढं कुणी विचारत नाही. रहमतबी अजून शेजारीच राहते. लवकर ये. तो व्हिडिओ तिच्यासमोर लाव, आणि ती जे विचारील त्याचं उत्तर दे.