वन्सं आणि राजघाटची खापरं

अख्ख्या बऱ्हाणपुरात धड मडक्यापेक्षा फुटक्या मडक्याला जास्त मान देणारी बाई एकच, आणि देवाच्या दयेनं ती माझ्याच घरात राहते. आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, आणि निवृत्त झाल्यावर इतर बायका भजनाला लागतात तशा या खापरांना लागल्या. झालं असं, की ओळखीतल्या कोणीतरी त्यांना एका कामात ओढलं. तापी, नर्मदा, गोदावरीच्या काठची अभ्यासू आणि हौशी माणसं आपापल्याकडे सापडलेल्या जुन्या खापरांचे फोटो, मापं, चित्रं असं सगळं कॉम्प्युटरवरच्या एकाच सामायिक कोठारात भरतात. म्हणजे पैठणच्या माणसाला आपलं खापर बऱ्हाणपूरच्या खापराशी घरबसल्या ताडून पाहता येतं. मला वाटलं, वन्सं कॉम्प्युटरला घाबरतील. कसचं काय! आता सकाळपासून माऊस त्यांच्या हातात आणि त्यांचा चहा माझ्या हातात.

खापरं धुवायला त्यांना जुने टूथब्रश लागतात. घरातले जुने संपले तेव्हा त्यांनी ह्यांचा रोजचा ब्रश उचलला, आणि वर ह्यांनाच ऐकवलं, "तुझे दात काय, नवे बसवता येतात. ह्याचा काठ गेला तर कुठून आणू?" गच्चीवर माझ्या कुरडया वाळायच्या, तिथं आता खापरं वाळतात, आणि कावळ्यांना मात्र अजून फरक कळलेला नाही. कोणाच्याही घरी गेलं की पाण्याचा माठ उचलून त्याचं बूड पाहायचं, ही तर त्यांची जुनी खोड. माझ्या लेकीला पाहायला नेपानगरहून एक स्थळ आलं होतं. चांगली कागद कारखान्यातली माणसं, मुलगा देखणा. पोहे झाले, सुपारी झाली, आणि मुलाच्या आईनं कौतुकानं विचारलं, "मग आत्याबाई, कसा वाटला आमचा मुलगा?" वन्संनी चष्मा सारखा केला आणि शांतपणे सांगितलं, "मान सुबक आहे. खांदे उतरते. पण बूड काही स्थिर दिसत नाही." अगं बाई! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. स्थळ अर्थातच गेलं. पुढं तो मुलगा धड एका नोकरीत टिकला नाही असं कानावर आलं, तेव्हा वन्संनी फक्त माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा मला अजून राग येतो.

त्यांचा सगळा जीव होता तो तापीवरच्या राजघाटावर वेचलेल्या खापरांवर. तांबडी, जाडसर, आणि बुडाच्या बाजूला चटईच्या विणीसारखी उमटलेली नक्षी. हातानं काढलेली त्यांची चित्रं इतकी बारीक, की ताडून पाहताना सगळे वन्संचीच खापरं समोर ठेवायचे. "बऱ्हाणपूरच्या बाईंनी जुनं म्हटलं की जुनं," असं त्यांच्या बैठकीत कोणी म्हणालं, आणि ते त्यांनी मला भाजी निवडताना दोनदा सांगितलं. शाळेत उभा जन्म गेला, पण कोणी तसं म्हटलं नव्हतं त्यांना.

मग अखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे अखाजीला पितरांसाठी पाण्यानं भरलेली घागर पुजतात, वर खरबूज, आंबे, सांजोऱ्या ठेवतात, आणि नंतर तीच घागर ओल्या वाळूत रोवून उन्हाळाभर तिचं गार पाणी पितात. दर वर्षी ती मीच आणायची, मीच पुजायची. पुजलेली घागर उलटी करायची नसते, म्हणून घरातलं तेवढं एकच भांडं वन्संच्या तावडीतून सुटलेलं. यंदा मी नवी घागर धुतली आणि निथळायला ओसरीवर पालथी घातली. इतक्यात मागून आवाज आला, "सुमन, हे काय करून राहिली तू? ही कुठली?"

"कुठली म्हणजे? बाजारातली. आत्ताच तर आणली."

त्या खाली बसल्या. घागरीच्या बुडावर कुंभाराच्या थापीचे ठसे होते, हुबेहूब चटईची वीण. आतून एक खापर आणून त्यांनी शेजारी धरलं. काडीचा फरक नव्हता. जुन्या झालेल्या घागरी लोक राजघाटावरच तर नेऊन ठेवतात! वन्संची शेकडो वर्षांपूर्वीची खापरं गेल्या-मागल्या अखाजीची होती.

मांडे झाले, आमरस झाला, वन्सं पानावरून तशाच उठल्या. मला राहवेना. म्हटलं, "गुपचूप काढून टाका ना तिथून. कोणाला कळतंय?"

"मी काढीन गं. पण ज्यांनी माझ्या भरवशावर आपली खापरं जुनी म्हणून लावली, त्यांचं काय? ती तशीच चुकीची राहतील." आणि मग हळूच म्हणाल्या, "आता मला कोण विचारणार, सुमन?" मला फार वाईट वाटलं.

बैठक त्यांची दुसऱ्याच दिवशी, रविवारी, व्हिडिओवर. वन्संनी चांगली साडी नेसली, घागर उलटी न करता उंच उचलून तिचं बूड आणि खापर कॅमेऱ्यासमोर धरलं, आणि शाळेत मुलांना सांगतात तशा ठणठणीत आवाजात सांगून टाकलं, "हे माझं चुकलेलं आहे." मी दाराआड पदर तोंडाशी धरून उभी. तेवढ्यात पलीकडून इंदूरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, एक मिनट," आणि उठून आपल्या स्वयंपाकघरातला माठ उचलून आणला. बुडाकडे पाहत म्हणाली, "अरे बाप रे! मेरा भी गया." पैठणचे सर हसायला लागले, मग सगळेच. त्यांचंही एक खापर संशयित निघालं. शेवटी ठरलं ते असं, की चूक पुसायची नाही, शेजारी दुरुस्ती लिहायची, आणि आजच्या मडक्यांचा एक वेगळा विभाग उघडायचा, म्हणजे पुन्हा कोणी फसणार नाही. आणि तो विभाग बऱ्हाणपूरच्या बाईंनीच सांभाळायचा. वन्संनी कॅमेरा बंद केला आणि म्हणाल्या, "मांडा उरलाय का गं एखादा?"

पहिली नोंद आमच्याच घागरीची. उंची, घेर, रंग, सगळं त्यांनी भराभर लिहिलं. 'कशासाठी वापर' या जागी मात्र थांबल्या. इतरांनी तिथं सरळ 'पाणी साठवण्यासाठी' असं लिहिलेलं असतं. "पुढं कधी हिचा तुकडा कोणाला मिळाला, तर त्याला कसं कळणार गं, ही कोणासाठी भरली होती ते?"

"मग लिहा ना," मी म्हटलं.

त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'आईला तहान लागू नये म्हणून.' सासूबाई गेल्या तेव्हा वन्सं रडल्या नव्हत्या. मी उठले आणि त्याच घागरीतलं गार पाणी पेलाभर आणून त्यांच्यापुढं ठेवलं.