पायलट कुठं उतरला?

जुनं सामान विकायला काढलं की गिऱ्हाइकं थोडी आणि किस्से फार जमतात. आमच्या विमानांचं तसंच झालं.

लातूरला माजिदचाचांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. मागच्या खोलीत आम्ही मित्र निळी चादर अंथरून अंगठ्याएवढ्या शिशाच्या विमानांची लढाई खेळायचो. फासे टाकायचे, विमान सरकवायचं, समोरच्याचं पाडायचं! भूकंपानंतर घरं बांधायला आलेला एक परदेशी इंजिनिअर जाताना ती पेटी चाचांना देऊन गेला होता. भूकंपात चाचांच्या बहिणीचं अख्खं घर गेलं. म्हणून त्यांचा एकच नियम होता : विमान पडलं तरी पायलट मरायचा नाही. ज्याचं पडलं त्यानं सांगायचं, तो कुठं उतरला. "जळकोटला उतरला, चहा पिऊन राहिला," असं म्हटल्याशिवाय डाव पुढं जात नसे.

मग घरमालकाला तिथं बाहेरगावाहून क्लासला येणाऱ्या पोरांसाठी खाटा टाकायच्या होत्या. खोली गेली. चाचा म्हणाले, "विकू. पण नियम पाळणाऱ्यालाच."

*

पहिला आला नांदेडचा खेळण्यांचा व्यापारी. विमान उलटंपालटं करून म्हणाला, "सेल कुठं टाकायचा?"

"सेल लागत नाही."

"मग उडतं कसं?"

"आपणच उडवायचं," चाचा म्हणाले.

"म्हंजे खराब हाय!" म्हणाला आणि गेला.

*

मुखेडचे एक गुरुजी शाळेसाठी न्यायला आले. मी खूश! नियम ऐकून ते विचारात पडले.

"कुठं उतरला, याचं बरोबर उत्तर एकच ठरवा. न्हाईतर मार्क कसे द्यायचे?"

*

सुहास आमच्यातलाच. आता एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. तो क्लासच्या मालकांनाच घेऊन आला. सर पेटीकडं बघून म्हणाले, "भिंतीवर लावू! एका पोराला एक विमान. टेस्टमध्ये चढला की वर, घसरला की खाली."

"आणि आमचा नियम?" मी विचारलं.

"आमच्याकडं नियमच नियम हायेत!"

मी भांडायला उठलो. सुहासनं मला खाली बसवलं. "चाचा, मी हाय ना तिथं. नियम मी पाळायला लावतो."

त्या शब्दावर चाचांनी एकेक विमान कापसात गुंडाळून दिलं.

महिनाभरानं सुहासला नियमाचं विचारलं, तर म्हणाला, "अरे, सिलॅबस तरी कुठं पुरा होऊन राहिला!"

*

परवा त्या क्लासचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. चाचांना बोलावणं आलं, स्टूल धरायला मी सोबत गेलो. काउंटरवर एका ट्रेमध्ये टेस्टमध्ये तळाला गेलेल्या पोरांची, भिंतीवरून उतरवलेली विमानं पडली होती. प्रत्येकाच्या पंखाखाली रोल नंबर चिकटवलेला.

चाचांनी एक उचललं, शर्टाला पुसलं आणि सवयीनं काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "बेटा, हा कुठं उतरला?"

तिनं नंबर बघितला. हातातला फोन हळूच खाली ठेवला.

"चाचा, सकाळपासून त्याचे वडील पण हेच विचारून राहिलेत."