बुगुन कुठल्या झाडावर?

आमच्या अंबाजोगाईच्या कॉलेजात तपासणी समिती येणार होती, म्हणून भिंती बोलक्या करायचं ठरलं. मी भाषा शिकवतो, त्यामुळे जिन्याजवळची भिंत माझ्या गळ्यात पडली. तिच्यावर भारतातल्या भाषाकुळांची झाडं काढायची होती. खोड म्हणजे कुळ, फांद्यांवर भाषा.

आमच्या वरच्या खोलीत अरुणाचलची एक मुलगी भाड्याने राहते. मेडिकलला आहे. तिची मातृभाषा बुगुन.

"सर, आमचीपण लिहा ना," ती म्हणाली. "मी तिचं नाव कुठल्याच भिंतीवर पाहिलेलं नाही."

मी लिहितो म्हणालो आणि मग पुस्तकं उघडली. क्रम चुकला. बुगुन आणि आसपासच्या काही बोली मिळून एक छोटं कुळ धरतात. ते चिनी-तिबेटी झाडाचीच फांदी आहे, असं काही विद्वान म्हणतात. इतरांच्या मते शब्द तेवढे शेजारून आलेत, झाड वेगळंच आहे. मी पेंटरला नाव लिहायला, चिनी-तिबेटी खोडापर्यंत तुटक रेघ ओढायला आणि वर प्रश्नचिन्ह काढायला सांगितलं.

प्राचार्य बघायला आले. "प्रश्नचिन्ह नको. समितीला वाटेल, आपल्याला माहीत नाही."

"सर, कुणालाच माहीत नाही."

"मग नावच पुसा."

पेंटर शिडीवरून ऐकत होता. एरवी तो पुढाऱ्यांचे बॅनर करतो.

"सायब, आमच्याकडं हे रोजचंच हाय," तो म्हणाला. "पुढारी कुन्या गटात हाय ते कळंना, तर त्याचा फोटू दोघा नेत्यांच्या मधी, जरा सुटा लावायचा. साईज तेवढी बारकी करायची न्हाई. कुनी रुसत न्हाई."

त्याने रेघ आणि प्रश्नचिन्ह पुसलं. दोन झाडांच्या मधोमध, तेवढ्याच अक्षरांत, पिवळ्या चौकटीत 'बुगुन' लिहिलं. प्राचार्यांना चौकट आवडली.

समितीचे अध्यक्ष नेमके तिथेच थांबले. "हे सुटं का?"

"संशोधन चालू आहे," प्राचार्य म्हणाले. त्या दिवशी समितीला सांगितलेलं हे एकच वाक्य पूर्ण खरं होतं. अध्यक्षांनी ते वहीत टिपून घेतलं.

मुलीने फोटो गावी वडिलांना पाठवला. लगेच फोन आला. बोलणं झाल्यावर तिने मला सांगितलं, "पप्पा विचारत होते, पलीकडच्या खोऱ्यातल्यांची भाषा भिंतीवर आहे का?"

"नाही."

"तेच सांगितलं. म्हणाले, मग ठीक आहे."

एवढ्यावरून ही माणसं आमच्या बीड जिल्ह्याची जवळची नातलग असावीत, असं माझं मत झालं आहे. विद्वानांनी अजून मान्यता दिलेली नाही.