वरच्या खोलीत कोण झोपतं?

साइमा हुह्तालाच्या तळघरातली, सगळं घर तापवणारी गॅसची भट्टी सप्टेंबरात गेली. तशी पेटत होती, पण आतल्या पत्र्याला चीर पडलेली. कधी विषारी धूर घरात शिरेल, नेम नाही. कर्टनं गॅसची तोटी बंद केली, भट्टीच्या कपाळावर लाल चिठ्ठी डकवली आणि वर येऊन हात धुतले.

"मिसेस हुह्ताला, हिच्यावर आता दमडी घालू नका."

कर्ट पन्नाशीचा, टकल्या. गावातल्या निम्म्या भट्ट्या त्यानंच बसवलेल्या. पण साइमा शाळेच्या स्वयंपाकघरात वाढायला होती, त्यामुळं तिच्यापुढं तो अजून पोरगाच. "गाजरं टाकून उठायचास मेल्या," असं ती त्याला अजून ऐकवायची.

मी तिचा शेजारी, मधे फक्त बोळ. तिचा नवरा ऑन्नी आणि मी एकाच लोखंडाच्या खाणीत होतो. ऑन्नी गेला, पुढं माझी बायको गेली, तेव्हापासून सकाळची कॉफी मी साइमाकडंच पितो. बोलणं बेताचं. आम्ही अमेरिकेत येऊन वसलेली, मूळची फिनलंडकडची माणसं. तोंड हे कॉफी प्यायला दिलंय अशी आमची समजूत.

कर्टनं टेबलाशी बसून दोन वाटा सांगितल्या.

"एक, नवी भट्टी. पण घरभर गरम हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्या कुजल्यात. भिंती फोडून त्याही बदलाव्या लागतील. दुसरी, हीट पंप. बाहेर अंगणात एक खोकं, आत भिंतीवर डबा. बाहेरच्या थंडीतूनच ऊब ओढून आत आणतो."

"थंडीतून ऊब? उद्या दगडाची धार काढशील."

"काढतो खरंच. अगदीच कडाका पडला तर तुमचा लाकडं जाळायचा स्टोव्ह आहे की. फक्त एक आहे. भट्टी लावली की सगळं घर तापतं, कोण कुठं झोपतं ते ती बघत नाही. याचं तसं नाही. जिथं माणूस, तिथं डबा. म्हणून विचारतो, कुठल्या खोल्या वापरात आहेत?"

स्वयंपाकघर झालं. त्याला लागून साइमाची झोपायची खोली झाली. मग कठड्याला धरून ती जिना चढली, मागं कर्ट, त्याच्यामागं मी.

"इथं कोण झोपतं?" कर्टनं विचारलं.

"रॉडनी."

कर्टनं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. रॉडनी तिचा एकुलता एक, कर्टच्याच वर्गातला, आता ॲरिझोनात. बापाला माती देऊन जो गेला तो या जिन्याला त्याचा पाय परत लागला नव्हता. आमच्याकडं नोव्हेंबरात हरणांची शिकार सुरू झाली की पोरं कुठून कुठून घरी येतात. मयताला न येणारीसुद्धा येतात. रॉडनी येत नव्हता. पलंगावर चादर मात्र धुतलेली, उशीवर सुरकुती नाही.

"वरही डबा लावायचा तर खर्च भट्टीइतकाच होईल," कर्ट हळू म्हणाला. "मग भट्टीच घ्या. खालच्या दोनच खोल्या असतील तर हीट पंप."

"पोराला विचारून सांगते."

रविवारी तिनं फोन लावला. ऐकू कमी येतं म्हणून आवाज मोठा ठेवते, त्यामुळं मलाही सगळं ऐकू आलं. भट्टी, हीट पंप, कुजक्या नळ्या, सगळं सांगून झालं. मग तिनं टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा केले.

"तर वरच्या खोलीचं काय करू, असं विचारत होते."

"वरच्या? आई, वर आहे कोण? खालच्या दोन कर. हीट पंपच घे, झकास असतो. वरच्या पाण्याच्या नळ्या रिकाम्या करून घे, नाहीतर गोठून फुटतील, आणि दार लावून टाक. भिंतींना कशाला ऊब देत बसतेस?"

"बरं."

"तुझ्याच भल्यासाठी सांगतोय. पटतंय ना?"

"पटतंय की."

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "अगं, येणार का म्हणून सरळ विचारायचंस."

"विचारलं की. बहिरी मी आहे का तू?"

ऑक्टोबरात कर्टनं दोन डबे बसवले. काम चोख. साइमानं वरची चादर काढली, घडी घातली, दार ओढलं आणि जिन्याच्या तोंडाशी जाड घोंगडी टांगली, खालची ऊब वर पळू नये म्हणून. तिचं घर आता दोन खोल्यांचं झालं. उरलेलं घर घोंगडीपलीकडं, कुणा परक्याचं असावं तसं.

आणि महिनाअखेरीला सपाता घालूनच ती बर्फातून बोळ ओलांडून आली.

"व्हर्न, रॉडनी येतोय. शिकारीला. चार दिवस!"

माझा विजेचा हीटर उचलून आम्ही तिच्या घरी वर नेला. दोन दिवस लावून ठेवला. पण भिंतींनी थंडी पार पिऊन घेतलेली; हात लावला तर बोटं चिकटतील असं वाटे. तिसऱ्या दिवशी फ्यूज उडाला.

"जाऊ दे," ती म्हणाली. "माझ्या खाटेवर झोपेल. मी बाकावर पडेन."

शुक्रवारी दुपारी रॉडनी आला. उंच, उन्हानं रापलेला. आईला मिठी मारली, माझ्या पाठीत थाप मारली आणि शिकारीचं नारिंगी जाकीट कपाटात आहे का बघायला घोंगडी सारून वर गेला. लगेच खाली आला, हातावर फुंकर मारत.

"बाप रे! आई, वर तोंडातून वाफ निघतेय. मुडदा पडेल माणसाचा."

"तू खाली झोप. माझी खाट आहे."

"छे, तुला कशाला त्रास? वर्गातल्या डेनिसचं खोपट आहे जंगलात, स्टोव्ह पेटवलाय त्यांनी. तिथंच पडतो पोरांबरोबर." मग त्यानं भिंतीवरच्या डब्यापुढं तळवा धरला. "बघ, आवाजसुद्धा नाही. म्हणालो नव्हतो मी?"

"म्हणाला होतास," साइमा म्हणाली.

एक कप कॉफी उभ्यानंच पिऊन तो गेला. सोमवारी परस्पर विमानतळावर गेल्याचा त्याचा फोन आला.

चार दिवसांना पुरतील इतके वेलदोड्याचे गोड पाव तिनं भाजून ठेवले होते. मंगळवारी तिनं त्यातला एक माझ्यापुढं कापला. कडा वाळल्या होत्या. मी कॉफीत बुडवून खाल्ला.

"कर्ट भेटतो का तुला?" तिनं सुरी पुसत विचारलं.

"भेटतो की."

"तिसरा डबा मागाहून लावता येतो का, विचारशील? लावायचा म्हणून नाही. नुसतं विचारून ठेव."